भात कुणाचा, नूडल्स कुणाच्या

२०११ साली तैपेई महापालिकेनं शहरात हजार वाट्या भात फुकट वाटला. सणवार काही नव्हता, पूरही आला नव्हता. भानगड एका अक्षराची होती.

मिशलिनच्या तैवानवरच्या प्रवासी पुस्तकात 'लू-रोऊ-फान' या पदार्थाची ओळख 'शानतुंग पद्धतीचा मांसाचा भात' अशी छापली गेली होती. शानतुंग हा चीनचा प्रांत, आणि त्याचं जुनं एकाक्षरी नाव 'लू'. तैवानमधल्या असंख्य टपऱ्यांच्या पाट्यांवर, लिहायला सोपं म्हणून, तेच अक्षर वर्षानुवर्षं रंगवलेलं आहे. पदार्थाच्या नावातलं खरं 'लू' वेगळं. उच्चार तोच, पण अर्थ सोया सॉसच्या मसालेदार रसात मंद आचेवर मुरवत शिजवणं. डुकराचं चरबीसकट मांस बारीक चिरायचं, तळलेल्या लहान कांद्यांबरोबर तासन् तास रटरटू द्यायचं आणि गरम भातावर डावभर ओतायचं, बस. परक्या पुस्तकात झालेली ही चूक एरवी कुणी हसण्यावारी नेली असती. इथे मात्र महापौर हाऊ लुंग-बिन स्वतः पुढे झाले आणि हा भात अस्सल तैवानचा आहे हे सांगण्यासाठी वाट्या भरल्या गेल्या.

मला यात भातापेक्षा महापौर जास्त रंजक वाटतात. त्यांचे वडील हाऊ पेइ-त्सुन हे चीनमध्ये जन्मलेले, च्यांग कै-शेकच्या सैन्याबरोबर तैवानला आलेले सेनाधिकारी. पुढे ते सरसेनापती झाले, पंतप्रधानही झाले. चीनहून आलेल्या सेनानीचा मुलगा, 'हा भात चीनचा नाही हो' असं जगाला सांगत होता. भात कुणाचा, हा प्रश्न तिथे बेट कुणाचं या प्रश्नाला फार चिकटून आहे.

आकारानं तैवान केरळपेक्षा किंचित लहान. लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या पुढे. मूळ रहिवासी ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणारे आदिवासी. १६२४ मध्ये आजच्या ताइनान शहराजवळ डच ईस्ट इंडिया कंपनी उतरली, तिनं ऊस लावायला समोरच्या फूच्येन प्रांतातून चिनी शेतकरी आणले. १६६२ मध्ये झेंग चेंगगोंग ऊर्फ कॉक्सिंगा या सेनानीनं डचांना हाकललं. मग २१२ वर्षं छिंग साम्राज्य, १८९५ ते १९४५ जपान, आणि त्यानंतर कुओमिंतांग पक्षाचं चिनी प्रजासत्ताक. इतिहासाचं पुस्तक इथे मिटलं तरी चालेल, कारण हे सगळं तिथल्या रात्रबाजारात तव्यावर आणि कढईत पडलेलं सापडतं.

उदाहरणार्थ 'ओ-आ-चिएन'. छोटी कालवं, अंडं, पालेभाजी आणि रताळ्याच्या पिठाचं पातळ मिश्रण तव्यावर टाकून केलेलं हे धिरडं. वरून गोडसर लाल सॉस. दंतकथा अशी की डचांना वेढा घालून बसलेल्या कॉक्सिंगाच्या सैनिकांकडे तांदूळ संपला, तेव्हा त्यांनी किनाऱ्यावरची कालवं आणि रताळ्याचं पीठ यांवर भागवलं. दंतकथेवर विश्वास ठेवायलाच हवा असं नाही. पण त्यातली भूक खरी आहे. रताळं हे गरिबाचं अन्न, दक्षिण अमेरिकेतून स्पॅनिश जहाजांवरून फिलिपिन्सला आणि तिथून फूच्येनला पोचलेलं. आपण उपासाला पवित्र म्हणून खातो तेच हे परदेशी कंद. त्याच्या चिनी नावातच 'परकं' असा अर्थाचा शब्द आहे. आणि गंमत म्हणजे पुढे बेटावरचे जुने रहिवासी स्वतःलाच 'रताळी' म्हणवून घेऊ लागले. बेटाचा आकारही रताळ्यासारखाच. १९४९ नंतर चीनहून आलेल्यांना त्यांनी नाव दिलं 'अळकुड्या'. रताळी आणि अळकुड्या यांची लग्नं जमणं कित्येक वर्षं सोपं नव्हतं.

जपान्यांच्या पन्नास वर्षांनी जिभेवर काय ठेवलं, हे मला सगळ्यात आधी एका शब्दात सापडलं. तैवानी भाषेत (म्हणजे फूच्येनहून आलेल्या होक्कियन बोलीत) पावाला म्हणतात 'फांग'. हा जपानी 'पान'वरून आला. जपान्यांनी तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून घेतला, त्यांचा 'पांव'. तीच पोर्तुगीज जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जात. म्हणजे वडापावातला पाव आणि तैपेईतल्या बेकरीतला फांग हे सख्खे चुलतभाऊ, फक्त एक गोव्यात उतरला आणि दुसरा जपानवरून वळसा घालून गेला. 'टेंपुरा'चीही अशीच कथा. हा शब्दही पोर्तुगीजांपासून जपानला, तिथून तैवानला. तिथे त्याचं चिनी लिपीत लेखन झालं 'थिएन-पू-ला', ज्याची अक्षरं वाचली तर अर्थ होतो 'गोड, तिखट नाही'! पदार्थ मात्र माशाच्या लगद्याच्या तळलेल्या चकत्या. कीलुंग बंदरातल्या देवळासमोरच्या बाजारात तो काकडीच्या लोणच्याबरोबर मिळतो.

पण जपानी राजवटीचा खरा ठसा तांदळावर आहे. बेटावर पूर्वी लांब, सुट्टा होणारा तांदूळ पिके. जपान्यांना हवा होता आखूड, चिकट. इसो एइकिची या कृषिशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जपानी वाण तैवानच्या उष्ण हवेत रुजवले आणि १९२६ मध्ये त्या तांदळाला 'होराई' असं नाव मिळालं (चिनी उच्चार 'फंगलाय', अर्थ पुराणातलं देवांचं बेट). हा देवांच्या बेटाचा तांदूळ जहाजं भरभरून जपानला जाई आणि पिकवणाऱ्याच्या घरी रताळ्याच्या वाळवलेल्या किसात मूठभर भात मिसळला जाई. आज लू-रोऊ-फानच्या खाली जो मऊ चिकट भात असतो, ज्याला महापौरांनी अस्सल तैवानी म्हटलं, तो बहुतेक करून याच वसाहती वाणांच्या वंशातला. (जाता जाता: तैवानचा दुसरा एक वाण, 'ताइचुंग नेटिव्ह-१', १९६०च्या दशकात भारतात आला. त्याच्या संकरातून १९६८ मध्ये 'जया' निघाला, जो कोकणात आणि गोव्यात आजही लावतात.)

१९४५ मध्ये जपान हरला आणि बेट च्यांग कै-शेकच्या सरकारकडे गेलं. सुरुवातीला लोक स्वागताला बंदरावर गेले होते. दीड वर्षात चित्र पालटलं. चीनमधल्या यादवी युद्धासाठी बेटावरचा तांदूळ बाहेर जाऊ लागला, भाव कडाडले, भाताचं कोठार असलेल्या बेटावर भाताची टंचाई झाली. दारू आणि तंबाखूवर सरकारी मक्तेदारी होती, तीही जपान्यांकडून वारशानं घेतलेली.

२७ फेब्रुवारी १९४७ च्या संध्याकाळी तैपेईच्या तातावचंग भागात, थिएनमा नावाच्या चहागृहाजवळ, मक्तेदारी खात्याच्या लोकांनी लिन चियांग-माय या विधवा बाईला पकडलं. ती रस्त्यावर बिनपरवान्याच्या सिगारेटी विकत होती. त्यांनी माल घेतला, पैसेही घेतले. ती गयावया करू लागली, तेव्हा एकानं पिस्तुलाचा दस्ता तिच्या डोक्यात मारला. लोक जमले. पळता पळता एका अंमलदारानं गोळी झाडली आणि बघ्यांतला एक माणूस मेला. दुसऱ्या दिवशी गव्हर्नरच्या कचेरीसमोर जमलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चीनहून जादा फौज कीलुंग बंदरात उतरली आणि पुढचे काही आठवडे माणसं मारली गेली: वकील, डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी, आणि नुसतेच रस्त्यावर सापडलेले. १९९२ मध्ये सरकारी अहवालानं मृतांचा अंदाज १८ ते २८ हजार असा दिला. त्याआधी, जवळपास चाळीस वर्षं, याविषयी उघड बोलणंही धोक्याचं होतं.

खाण्यावरच्या लेखात हे कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण तैवानच्या रस्त्यावर हातगाडी लावणं हे कधीच नुसतं पोट भरणं नव्हतं. आणि कारण 'तैवानचं रंगीबेरंगी स्ट्रीट फूड' असं लिहिणाऱ्या पर्यटनाच्या लेखांत डच येतात, जपानी येतात, बबल टी तर येतोच येतो, पण लिन चियांग-माय क्वचित येते.

दोनच वर्षांत यादवी युद्ध हरलेलं सरकार स्वतःच बेटावर आलं. त्याच्याबरोबर बारा ते वीस लाख माणसं आली असं मानतात, तेव्हा बेटाची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास होती. त्यातले बरेच साधे शिपाई, काही तर शेतातून, रस्त्यावरून धरून आणलेले. त्यांना सांगितलं गेलं होतं की लवकरच चीन परत जिंकू आणि घरी जाऊ. १९५२ पासून साध्या शिपायांच्या लग्नावर निर्बंध होते. त्यामुळे चाळिशीत सैन्यातून बाहेर पडलेला, ना घर ना संसार असा माणूस काय करणार? गाडा ढकलत मांतो (वाफवलेले गव्हाचे पाव) विकायचा, नाहीतर नूडल्सचं दुकान टाकायचा.

आज तैवानचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून मिरवणाऱ्या बीफ नूडल सूपचा जन्म यातला. वाटी समोर आली की आधी तिखट लालसर रस्सा दिसतो, मग मांसाचे मोठे तुकडे, जाड नूडल्स, वर आंबवलेल्या मोहरीच्या पानांची चिरलेली भाजी. तैपेईत तर २००५ पासून त्याचा महोत्सव भरतो, आचारी स्पर्धेला उतरतात. आणि हा पदार्थ पंच्याहत्तर वर्षांपूर्वी या रूपात अस्तित्वात नव्हता!

तो असणं शक्यही नव्हतं. एक तर होक्कियन शेतकरी बैलाचं मांस खात नसत. जन्मभर नांगर ओढलेल्या जनावराला खायचं कसं, ही साधी कृतज्ञता. बैलपोळ्याला पुरणपोळीचा घास भरवणाऱ्यांना ती समजावून सांगायला नको. दुसरं, गहू बेटावर फारसा पिकत नव्हता. तिसरं, रश्शाचा जीव असलेली ती मिरची आणि बाकल्याच्या दाण्यांची आंबवलेली चटणी सिचुआनची, इथल्या किनाऱ्यावरच्या जिभेला परकी.

तिन्ही गोष्टी आल्या त्या एकाच लाटेत. चटणी आली हवाई दलाबरोबर. वायुसेनेची अकादमी दक्षिण तैवानच्या गांगशानला हलली, तिच्याबरोबर सिचुआनी कुटुंबं आली आणि घरच्या आठवणीनं चटणी घालू लागली. गांगशान आजही त्या चटणीसाठी प्रसिद्ध आहे. इतिहासकार लू याओ-तुंग यांचं म्हणणं की बीफ नूडल्स इथल्याच सैनिकी वसाहतींत जन्मल्या. पाटीवर 'सिचुआन बीफ नूडल्स' असं लिहिलेलं असतं, पण सिचुआनमध्ये शोधायला गेलात तर हा पदार्थ त्या नावानं भेटत नाही. घरची आठवण काढत काढत त्या माणसांनी घरी कधीच नसलेला पदार्थ तयार केला.

आणि गहू आला अमेरिकेहून. कोरियन युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेला तैवान महत्त्वाचं वाटू लागलं आणि १९५१ ते १९६५ या काळात दरवर्षी सरासरी दहा कोटी डॉलरची मदत आली. त्यात गहू आणि पीठ भरपूर. १९५४ नंतर तो पीएल-४८० याच कायद्याखाली येऊ लागला, ज्याच्या गव्हासाठी आपले आजी-आजोबा रेशनच्या रांगेत उभे होते. आपल्याकडे त्या तांबड्या गव्हाला नावं ठेवली गेली. तैवानमध्ये सरकारनं उलट प्रचार केला की गव्हाचे पदार्थ खा, तांदूळ वाचवा. वाचलेला तांदूळ विकून परकीय चलन मिळे. पिठाची सुती पोती कुणी फेकून देत नसे. त्यांच्या चड्ड्या शिवत. त्या पिढीतल्या तैवानी माणसाला विचारा, तो हसत सांगेल: हस्तांदोलन करणारे दोन हात, 'चीन-अमेरिका सहकार्य' अशी अक्षरं आणि 'निव्वळ वजन २२ किलो', सगळं पार्श्वभागावर.

याच गव्हाची एक फांदी थेट आपल्या घरात आली आहे. १९१० मध्ये जपानी तैवानात जन्मलेला वू पाय-फू पुढे जपानला गेला आणि मोमोफुकु आंदो झाला. युद्धानंतर जपानी सरकार अमेरिकन गव्हाचा पाव खा म्हणत होतं. आंदोचं म्हणणं, पाव कशाला, आपल्याला नूडल्सची सवय आहे. १९५८ मध्ये त्यानं जगातल्या पहिल्या इन्स्टंट नूडल्स बाजारात आणल्या. मॅगी त्यानंतरची.

सैनिकांना चीनला जाऊन नातेवाइकांना भेटायची परवानगी मिळाली ती नोव्हेंबर १९८७ मध्ये. त्याच वर्षी जुलैत ३८ वर्षांची लष्करी कायद्याची राजवट संपली होती. तोवर शाळेत तैवानी बोललेल्या मुलाच्या गळ्यात पाटी अडकवत, दंड घेत. इंग्रजी माध्यमात मराठी बोलल्याबद्दल दंड भरलेल्यांना यातली बोच कळेल, तिथे मात्र हा दंड साऱ्या देशाच्या शाळांत होता. मँडरिन ही एकच राष्ट्रभाषा. मग आईची भाषा टिकली कुठे? घरात, देवळात आणि टपरीवर. मी तैपेईत ऐकलेलं सांगते: विशीतली मुलं आपसात अस्खलित मँडरिन बोलत असतात, तैवानी त्यांना धड येतही नाही, पण मागवताना म्हणतात 'ओ-आ-चिएन', तैवानी उच्चारात. त्या अक्षरांचा मँडरिन उच्चार करून कालवांचं धिरडं कुणी मागत नाही, मागितलं तर लोक वळून बघतील.

म्हणून २००० सालच्या एका जेवणाचं मोल मला मोठं वाटतं. त्या वर्षी पहिल्यांदाच कुओमिंतांगबाहेरचा माणूस, चेन श्वे-बियान, राष्ट्राध्यक्ष झाला. ताइनान परिसरातल्या गरीब घरातला मुलगा. आतापर्यंत सरकारी मेजवान्यांत चीनच्या प्रांतांचे उंची पदार्थ असत. चेनच्या शपथविधीच्या मेजवानीत आले ताइनानच्या रस्त्यावरचे दोन पदार्थ: वाटीत वाफवलेली तांदळाच्या पिठाची 'वा-कुए', आपल्या उकडीच्या कुळातली, आणि दुधमाशाच्या गोळ्यांचं सूप. परदेशी पाहुण्यांनी ते कितपत आवडीनं खाल्लं कुणास ठाऊक. चेन पुढे भ्रष्टाचाराच्या खटल्यात तुरुंगात गेले, ते वेगळं. पण राजवाड्यातल्या टेबलावर त्या दिवशी टपरी चढली ती परत उतरली नाही.

बबल टीबद्दल थोडक्यात, कारण तो तुम्ही प्यायलाच असाल. १९८०च्या दशकातला. ताइचुंगचं चुन श्वे तांग आणि ताइनानचं हानलिन, दोघंही म्हणत शोध आमचा. दहा वर्षं कोर्टात भांडले. २०१९ मध्ये कोर्टानं सांगितलं की हे पेय कुणीही बनवू शकतो, पहिलं कोण हे ठरवायची गरजच नाही. मला हा निकाल फार आवडतो. त्या ग्लासात तरी कुणाचं काय आहे? काळे मोती ज्या पिठाचे ते टॅपिओकाचं, दक्षिण अमेरिकेतलं. आपला साबुदाणाही त्याचाच. आणि तैवानात मोठ्या पानाचा काळा चहा रुजला तो जपान्यांनी १९२०च्या दशकात सन-मून लेकच्या काठी लावलेल्या भारतीय आसाम चहाच्या रोपांपासून.

या सगळ्या गर्दीत बेटाचे पहिले मालक कुठे आहेत, हा प्रश्न मात्र उरतोच. रात्रबाजारात एखादी गाडी रानडुकराच्या सॉसेजची असते, त्यात 'माकाव' नावाचा लिंबासारख्या वासाचा डोंगरी मिरीदाणा घातलेला. 'माकाव' हा ताय्याल आदिवासींचा शब्द. सपाटीवरच्या आदिवासींच्या भाषा तर गेल्याच, त्यांच्या चुलीवर काय शिजे हे आता पुस्तकांतून शोधावं लागतं. रताळी आणि अळकुड्या भांडत होत्या ती जमीन मुळात राळ्याची होती.

सध्या बाजारात नवी वाटी मांडली जातेय ती व्हिएतनामी, इंडोनेशियन सुना आणि कामगारांची. पुढची कदाचित आपली. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारत आणि तैवाननं कामगार पाठवण्याचा करार केला. त्याआधी काही महिने, नुसत्या बातमीवरच, तिथल्या समाजमाध्यमांत भारतीयांविरुद्ध बरीच घाण लिहिली गेली. मग कामगारमंत्री श्यू मिंग-चुन एका मुलाखतीत म्हणाल्या की आधी ईशान्य भारतातून माणसं घेऊ, कारण त्यांचा रंग आणि खाण्याच्या सवयी आमच्या जवळच्या आहेत. टीका झाली आणि त्यांना माफी मागावी लागली. रंगाबद्दल बोलल्याचा सगळ्यांना राग आला. मी अडकले ती दुसऱ्या अर्ध्या वाक्यात, 'आमच्या खाण्याच्या सवयी' या तीन शब्दांत.

तैपेईला लागून चुंगहो भागात हुआशिन रस्ता आहे. १९६७ मध्ये रंगूनला चिनीविरोधी दंगली झाल्या, त्यानंतर ब्रह्मदेशातून आलेले बरेच चिनी इथे वसले. पाट्या बर्मी लिपीत. म्हातारे पुरुष सकाळपासून दुधाचा कडक चहा घेऊन बसलेले असतात. त्यासोबत खातात नान, भट्टीतून काढलेला, वर शिजवलेले वाटाणे. रंगूनमध्ये हा नान विकायला सुरुवात केली ती भारतीयांनी. मी गेले त्या दिवशी दुकानातल्या बाईंनी मला चिनी, बर्मी आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, वाटाणे हवेत की साखर. मी वाटाणे घेतले.